आधी एक चालणारी गोष्ट बनवा

बारावीचे निकाल लागले की माझ्या फोनवर एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांहून येऊ लागतो. 'सर, कोडिंगचा कोणता क्लास लावू?' कोणी मालेगावहून विचारतो, कोणी मिरजेहून, कोणी मुंब्र्याहून. यंदा एका मुलीने तीन क्लासची माहितीपत्रके एकदम पाठवली. तिन्हींची फी पाच आकडी. तिन्हींवर लॅपटॉप घेऊन हसणारी मुले आणि खाली 'नोकरीची हमी'. तिचे अब्बा रिक्षा चालवतात. फीसाठी अम्मीचे दागिने गहाण टाकायचा विचार घरात चालला होता. मी तिला विचारले, 'तुला बनवायचे काय आहे?' थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, 'ते क्लासवाले सांगतील ना.'

या उत्तरात तिचा दोष नाही. आपण मुलांना हाच क्रम शिकवला आहे. आधी फी, मग पुस्तक, मग परीक्षा, मग प्रमाणपत्र, आणि करायचे काय ते पुढे कोणीतरी सांगेल. काही विषयांत हा क्रम निभावून जातो, प्रोग्रॅमिंगमध्ये निभावत नाही. म्हणून या अंकात मी एकच गोष्ट सांगणार आहे. क्लासची पावती फाडण्याआधी आपल्या घरातली, दुकानातली किंवा मोहल्ल्यातली एक छोटी गरज शोधा आणि ती भागवणारा प्रोग्रॅम शौक म्हणून स्वतः बनवा. तो कितीही लहान असू द्या. फक्त तो पूर्ण झाला पाहिजे, आणि तुमच्याशिवाय आणखी एका माणसाने तो वापरला पाहिजे.

शौक म्हणून सुरू झालेली कामे

'शौक' म्हटले की आपल्या घरांत कपाळावर आठ्या पडतात. शौक म्हणजे वेळ वाया घालवणे, असा समज आहे. पण तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी असलेले लिनक्स हे एका विद्यार्थ्याच्या शौकातून आले आहे. हेलसिंकी विद्यापीठात शिकणारा लिनस टोरवाल्ड्स १९९१ च्या ऑगस्टमध्ये २१ वर्षांचा होता. आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवतो आहोत, हा केवळ शौक आहे, ती फार मोठी होणार नाही, असे त्याने जाहीरपणे लिहिले होते. आज जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक लिनक्सवर चालतात.

पायथन ही भाषा गुइडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत लिहायला घेतली. कार्यालय बंद होते, हाताला काहीतरी काम हवे होते. रासमुस लेरडॉर्फ यांना आपल्या वेबपानावरचा बायोडेटा किती लोक पाहतात हे मोजायचे होते. त्यासाठी १९९४ मध्ये त्यांनी काही छोटी साधने लिहिली आणि त्यांतून पीएचपी उभी राहिली. ही तिघे काही अडाणी नव्हती, त्यांच्याजवळ संगणकाचे शिक्षण होते. तेव्हा 'शिकायची गरजच नाही' असा अर्थ यातून कोणी काढू नये. तिघांत समान होते ते एवढेच की कोणी अभ्यासक्रम नेमून दिला म्हणून त्यांनी काम केले नाही. समोर स्वतःची एक गरज होती आणि ती भागेपर्यंत ते बसून राहिले.

याहून जुना दाखला आपल्या परिचयाचा आहे. नवव्या शतकातल्या बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी बैतुल हिकमाशी जोडलेले होते. त्यांच्या नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला आणि त्यांच्या ग्रंथाच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून 'अल्जिब्रा'. हे आपण भाषणांत अभिमानाने सांगतो. तो ग्रंथ कशासाठी लिहिला होता, हे मात्र क्वचितच सांगतो. वारसांमधली वाटणी, व्यापाराचा हिशेब, जमिनीची मोजणी अशा रोजच्या कामांसाठी तो लिहिला होता. त्याचा मोठा भाग मृत्युपत्रे आणि वारसाहक्काच्या गणितांनी भरलेला आहे. ख्वारिझ्मींच्या नावाने फक्त टाळ्या घेण्यापेक्षा त्यांनी निवडले तसे काम निवडणे जास्त बरे.

कामांचा तोटा नाही

सच्चर समितीने २००६ मध्ये आपल्या समाजाचे जे चित्र मांडले, त्यात एक गोष्ट ठळक होती. मुसलमानांमध्ये पगारी नोकरीपेक्षा स्वतःच्या छोट्या धंद्यावर जगणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे. शिवणकाम, गॅरेज, बेकरी, भंगार, फळांची गाडी, यंत्रमाग. हे सांगताना आपला सूर नेहमी दुःखाचा असतो, आणि त्याला कारणेही आहेत. पण प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याच्या नजरेने पाहा. ज्याच्या घरात धंदा आहे त्याच्या घरात मापे आहेत, दर आहेत, उधारी आहे, साठा आहे, मजुरी आहे. म्हणजे सोडवायला गणिते आहेत.

मालेगाव-भिवंडीच्या मुलांना तर हा विषय परका वाटायचे काहीच कारण नाही. जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये असा माग तयार केला, की ज्यात कापडावरची नक्षी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरून ठरायची. भोक असेल तर धागा उचलायचा, नसेल तर नाही. कार्डे बदलली की नक्षी बदलली, माग तोच. पुढे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी हीच कार्डांची कल्पना उचलली. यंत्र एकच ठेवून सूचना बदलायच्या, हा प्रोग्रॅमिंगचा गाभा विणकराच्या घरातून आलेला आहे.

काही कामे सुचवतो. शिंपीकाम करणाऱ्या खालासाठी मापांची नोंद: गिऱ्हाइकाचे नाव टाकले की मागच्या वेळची मापे समोर यावीत. बायकांच्या भिशीसाठी चिठ्ठी काढणारा प्रोग्रॅम: बारा जणी, दरमहा हजार रुपये, जिचा नंबर लागला तिचे नाव पुढच्या चिठ्ठीत येता कामा नये. गॅरेजवाल्या चाचांसाठी कोणत्या गाडीचे ऑइल कधी बदलले याची यादी. रमजानच्या आधी घरच्यांसाठी जकातीचा हिशेब. चाळिसावा भाग काढणे सोपे आहे, पण निसाब साडेसात तोळे सोन्याचा धरायचा की साडेबावन्न तोळे चांदीचा, यावर उत्तर बदलते आणि प्रोग्रॅमला ते विचारावेच लागते. यांपैकी एकही काम मोठे नाही. नवख्याला दोन ते सहा आठवडे पुरतील एवढी ही कामे आहेत, आणि प्रत्येकाच्या पोटात अभ्यासक्रमाची निदान तीन-चार प्रकरणे लपलेली आहेत.

मशिदीच्या भिंतीवरचा तक्ता

एका उदाहरणात खोल जाऊ. मशिदीच्या भिंतीवर नमाजच्या वेळांचा तक्ता असतो. पुष्कळ छापील तक्ते एका मोठ्या शहराचे असतात आणि खाली टीप असते की अमुक गावासाठी इतकी मिनिटे कमी करा, तमुक गावासाठी इतकी वाढवा. आपल्या गावाचा तक्ता स्वतः तयार करायचा, असा शौक धरला तर काय काय शिकावे लागते ते पाहा.

सुरुवात मध्यान्हाने करा, कारण जोहरची वेळ तिथून सुरू होते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरलेली आहे. मुंबई सुमारे ७२.९ अंशांवर आहे. फरक ९.६ अंशांचा. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. म्हणजे मुंबईत मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३८ मिनिटांनी होते. एक वजाबाकी, एक गुणाकार आणि उत्तर पडद्यावर छापणे. पाच ओळींचा हा तुमचा पहिला प्रोग्रॅम.

आता तो भिंतीवरच्या तक्त्याशी ताडून पाहा. जुळत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुंबईची मध्यान्ह १२.२२ च्या आसपास असते आणि फेब्रुवारीच्या मध्यावर १२.५३ च्या आसपास. प्रोग्रॅममध्ये बिघाड नाही, आपले ज्ञान अपुरे आहे. पृथ्वीची कक्षा पूर्ण गोल नाही आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे सूर्य घड्याळाच्या कधी पुढे तर कधी मागे असतो, जास्तीत जास्त सुमारे १६ मिनिटे. ही दुरुस्ती तारखेनुसार बदलते. ती घालण्यासाठी तारीख हाताळणे आले, वर्षाचा कितवा दिवस ते काढणे आले, ३६५ दिवसांसाठी तेच गणित पुन्हा पुन्हा चालवणे आले. पुस्तकात 'लूप' नावाचे जे कंटाळवाणे प्रकरण असते, ते इथे गरज म्हणून येते.

मग मगरिब, म्हणजे सूर्यास्त. त्यासाठी अक्षांश हवा आणि दहावीतली त्रिकोणमिती हवी. इथे नवख्याला ठरलेला अडथळा येतो. ३० अंशांचा साइन अर्धा असतो, हे शाळेत पाठ केलेले असते. पायथनला विचारले तर ते सांगते उणे ०.९८८. कारण ते कोन अंशांत धरत नाही, रेडियनमध्ये धरते. हे ज्याला स्वतः शोधावे लागले तो आयुष्यात विसरत नाही. परीक्षेसाठी पाठ केलेला पेपरनंतर आठवडाभरात विसरतो.

हे जमले की एक गंमत हाती लागते. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे ६.२ अंशांवर आहे, म्हणून तिथली मध्यान्ह वर्षभर मुंबईच्या सुमारे २५ मिनिटे आधी होते. सूर्यास्ताचा फरक मात्र स्थिर नसतो. नागपूर थोडे उत्तरेलाही आहे, त्यामुळे जूनमध्ये तो फरक सुमारे २१ मिनिटांचा होतो आणि डिसेंबरमध्ये सुमारे २९ मिनिटांचा. म्हणजे 'नागपूरसाठी २५ मिनिटे वजा करा' ही टीप मगरिबच्या बाबतीत वर्षातले बरेच महिने ढोबळच ठरणार. हे तुम्हाला कोणत्याही क्लासने सांगितलेले नसेल. तुमच्या प्रोग्रॅमने सांगितले.

असरच्या वेळी प्रश्न आणखी वेगळा होतो. शाफई मताप्रमाणे वस्तूची सावली, मध्यान्हीची सावली सोडून, वस्तूच्या उंचीइतकी झाली की असरची वेळ होते. हनफी मताप्रमाणे ती दुप्पट झाल्यावर. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई आहेत, देशावरचे बहुतेक हनफी. लग्नसंबंधांमुळे एकाच घरात दोन्ही सापडतात. सूत्रात हा फरक एका आकड्याचा आहे: १ की २. तो आकडा सूत्रात पक्का लिहून टाकला तर तुमचा तक्ता निम्म्या लोकांच्या उपयोगाचा राहत नाही. म्हणून तो बाहेर काढावा लागतो, वापरणाऱ्याला निवडू द्यावा लागतो. प्रोग्रॅमिंगमध्ये याला पॅरामीटर म्हणतात. फजरसाठी सूर्य क्षितिजाखाली किती अंश धरायचा, यावरही पद्धती वेगळ्या आहेत. कोणी १८ अंश धरतात, उत्तर अमेरिकेत १५ धरणारे आहेत, उम्म-अल-कुराच्या पद्धतीत १८.५ आहेत. यातला योग्य कोणता, हा प्रश्न प्रोग्रॅमरचा नाही. मसला आलिमांना विचारायचा आणि गणित आपण नीट करायचे, ही मर्यादा पाळायलाही हेच काम शिकवते.

आणि जबाबदारीही शिकवते. तुमच्या तक्त्यावरून कोणी रोजा सोडणार असेल तर एक मिनिटाची चूकही किरकोळ राहत नाही. मग तुम्ही महिनाभर रोज छापील तक्त्याशी पडताळता, प्रत्यक्ष आकाशाकडे पाहता, सावधगिरीची दोन-तीन मिनिटे धरता आणि जाणत्यांना दाखवल्याशिवाय तो कोणाच्या हाती देत नाही. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीत इब्न अल-शातिर हे खगोलज्ञ 'मुवक्कित', म्हणजे वेळ काढून देणारे, म्हणून काम करत होते. कामाची ही परंपरा आपल्याकडे आहे, ती फक्त हातातून सुटली आहे.

उधारीची वही

ज्यांना त्रिकोणमितीचे वावडे आहे त्यांच्यासाठी दुसरे काम. किराणा दुकानातली उधारीची वही. नाव, तारीख, रक्कम, घेतले की दिले. वरून फार सोपे दिसते. पहिल्याच आठवड्यात कळते की गल्लीत दोन सलीम आहेत, एक गॅरेजवाले आणि एक बेकरीवाले, आणि प्रोग्रॅमने दोघांची उधारी एकत्र केली आहे. म्हणजे नावावर भरवसा ठेवता येत नाही, प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो. मोठमोठ्या डेटाबेसच्या पुस्तकांतला पहिला नियम दुकानाच्या फळीवर बसून समजतो.

मग हिशेबात विचित्र आकडे दिसू लागतात. पायथनला ०.१ अधिक ०.२ विचारले तर ते ०.३ सांगत नाही. ०.३०००००००००००००००४ सांगते. संगणक आकडे दोनच्या पटीत साठवतो. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा कधी संपत नाही, तसा त्याच्या पद्धतीत एक दशांश कधी संपत नाही. उपाय साधा आहे: रुपये न साठवता पैसे साठवायचे, पूर्णांकात. साडेबारा रुपये म्हणजे १२५० पैसे. दाखवताना मात्र रुपये दाखवायचे.

पुढची अडचण भाषेची. नावे मराठीत लिहिली की रकाने वेडेवाकडे होतात. 'मोहल्ला' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण पायथनला त्याची लांबी विचारली तर ते ७ सांगते. म, ओकाराची खूण, ह, ल, हलन्त, ल आणि काना, असे सगळे ते वेगवेगळे मोजते. बहुतेक सॉफ्टवेअर इंग्रजीचा विचार करून लिहिलेले असते, हे इथे उघड दिसते. आपल्या भाषांसाठी काम करणारे लोक का हवेत, तेही कळते.

शेवटी अब्बांचा प्रश्न येतो. 'चुकून जास्त रक्कम लिहिली, ती खोडायची कशी?' आणि अब्बाच उत्तर देतात की वहीत खोडाखोड करायची नसते, उलटी नोंद करायची असते, म्हणजे काय झाले होते ते नंतरही दिसते. हे शहाणपण त्यांना कोणत्याही संगणकतज्ज्ञाने दिलेले नाही, आणि तरीही बँकांची सॉफ्टवेअरे याच तत्त्वावर चालतात. मुलगा अब्बांना प्रोग्रॅम देतो आणि अब्बा मुलाला हिशेब देतात. आपल्या घरांत शिकलेली पिढी आणि कमावणारी पिढी यांच्यात जी भिंत उभी राहते आहे, ती पाडण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

एक ताकीद. ही वही दुसऱ्यांच्या अडचणींची नोंद आहे. कोणाकडे किती उधारी थकली आहे, हा त्या घराच्या इज्जतीचा प्रश्न आहे. शिकताना खोटी नावे वापरा. खरी नावे आणि फोन नंबर असलेली फाइल मित्राला दाखवायलासुद्धा पाठवू नका, इंटरनेटवर तर नाहीच नाही.

अडल्यावर

तुम्ही अडणार. रोज अडणार. शिकण्याचा खरा वेळ तिथेच जातो. गॅरेजमध्ये पोरगा उस्तादाच्या हाताखाली राहतो तेव्हा तो इंजिनाची व्याख्या पाठ करत नाही. गाडी सुरू का होत नाही, हे तो एकेक शक्यता काढून टाकत शोधतो: पेट्रोल आहे का, प्लगला ठिणगी येते का. प्रोग्रॅमचेही तसेच आहे. पायथनने लाल अक्षरांत लांबलचक तक्रार छापली तर घाबरून खिडकी बंद करू नका. सर्वांत शेवटची ओळ आधी वाचा, चूक काय आहे ते तिथे लिहिलेले असते. ओळीचा क्रमांक तिच्या थोडा वर असतो. तरी कळले नाही तर अडलेला भाग तेवढाच वेगळ्या फाइलमध्ये काढा आणि लहान करत जा. मधल्या टप्प्यांची उत्तरे छापून पाहा. आणि एक वही ठेवा: आज काय अडले, कशाने सुटले. सहा महिन्यांनी ती वही तुमचे सर्वांत उपयोगी पुस्तक असेल.

दुसऱ्याला विचारताना तीन गोष्टी सांगा. काय व्हायला हवे होते, काय झाले, आणि तुम्ही काय करून पाहिले. हे तिन्ही नीट लिहून काढता काढता निम्म्या वेळा उत्तर आपोआप सुचते.

आता तुम्ही म्हणाल की एआयला विचारले की दोन सेकंदांत सगळा प्रोग्रॅम लिहून मिळतो, मग ही मेहनत कशाला? माझे उत्तर असे. त्याने दिलेल्या तक्त्यात असरचा आकडा १ आहे की २, हे तुम्हाला वाचता आले पाहिजे. वाचता येत नसेल तर तुम्ही प्रोग्रॅमर नाही, फक्त गिऱ्हाईक आहात, आणि चुकीच्या उत्तराची जबाबदारी मात्र तुमचीच आहे. एआय जरूर वापरा, पण शिकत असेपर्यंत एक शिस्त पाळा. आधी अर्धा तास स्वतः झगडा. मग उत्तर मागू नका, 'ही चूक का येते ते समजावून सांग' असे विचारा. मिळालेला कोड चिकटवू नका, स्वतः टाइप करा आणि प्रत्येक ओळ काय करते ते मराठीत शेजारी लिहा. जी ओळ समजावता येत नाही ती ठेवू नका.

साधने, भाषा आणि मुली

खर्चाचे म्हणाल तर पायथन मोफत आहे. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइडसारख्या ॲपमध्ये सुरुवात करता येते. बोटांना त्रास होतो, पण पाच-पन्नास ओळी लिहून चालवता येतात. जुना, मंद झालेला संगणक कुठे धूळ खात पडला असेल तर त्यावर हलके लिनक्स टाकले की शिकण्यापुरता तो चालतो.

उर्दू किंवा मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजीची भीती वाटते. पायथन भाषेचे स्वतःचे राखीव शब्द फक्त ३५ आहेत. तेवढे इंग्रजी कोणालाही येईल. समजावणीसाठी आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात मराठीतून ऐकता येणारे मोफत धडे आहेत. त्यापुढे चूक वाचता वाचता, सूचना वाचता वाचता इंग्रजी हळूहळू येत जाते. इंग्रजी पक्के झाल्यावर सुरू करू म्हणणारा सुरूच करत नाही.

मुलींबद्दल वेगळे लिहायला हवे. घरात एक लॅपटॉप असेल तर तो भावाच्या टेबलावर असतो, आणि बहिणीच्या हातात फोन अर्धा तास जास्त दिसला तर चौकशी होते. भावांनो, आठवड्यातले तीन दिवस ठरवून तो लॅपटॉप बहिणीला द्या. पालकांना सांगायचे ते असे, की हे काम घरी बसून शिकता येते ही सोय आहे. मुलीला घरी बसवण्याचे ते निमित्त होऊ देऊ नका. तिने भिशीचा प्रोग्रॅम घरात बनवला असेल, तर कॉलेजच्या लॅबमध्ये आणि पुढे नोकरीच्या जागी जाण्याचा तिचा हक्क त्याने वाढतो, कमी होत नाही.

नोकरीचे काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. एक उधारीची वही बनवली म्हणून नोकरी लागत नाही. पुष्कळ कंपन्या आजही पदवी मागतात, मुलाखतीत डेटा स्ट्रक्चरचे प्रश्न विचारतात, आणि त्यांचा अभ्यास वेगळा करावाच लागतो. गुगलमध्ये संशोधन विभागाचे संचालक राहिलेले पीटर नॉर्विग यांनी २००१ मध्ये एक प्रसिद्ध लेख लिहिला. चोवीस तासांत प्रोग्रॅमिंग शिकवू म्हणणाऱ्या पुस्तकांना त्यांनी दहा वर्षांचा हिशेब दाखवला होता. हमी देणाऱ्या माहितीपत्रकांसमोर हा हिशेब ठेवून पाहा.

पण दोन-तीन पूर्ण केलेली कामे जवळ असली की तीन गोष्टी बदलतात. एक, हे काम आपल्याला आवडते की नाही, हे फी भरण्याआधी कळते. नाही आवडले तर दागिने वाचले, आणि त्यात काहीही लाजिरवाणे नाही. दोन, पुढे क्लास लावलात किंवा पदवीला गेलात तर तुम्ही प्रश्न घेऊन जाता. कोणता शिक्षक शिकवतो आणि कोणता फक्त पडदा दाखवतो, हे दुसऱ्या दिवशी ओळखता. तीन, कोणी विचारले 'काय येते?' तर दाखवायला काहीतरी असते, आणि त्यातली प्रत्येक ओळ तुम्हाला समजावता येते. ज्यांच्या मागे ओळखीचा मामा-काका नाही, ज्यांच्या आडनावापाशी किंवा पत्त्यापाशी मुलाखत घेणाऱ्याची नजर थबकते, त्यांना हाताने केलेल्या कामाचा आधार इतरांपेक्षा जास्त लागतो. तो आधार अन्याय पुसून टाकत नाही. त्याविरुद्ध बोलायचे काम आपल्या चळवळीचे आहे आणि ते चालूच राहील. पण तुमची तयारी त्यासाठी थांबायला नको.

मोठ्यांकडेही एक मागणे आहे. मोहल्ल्याच्या वाचनालयात, शाळेत, जमातीच्या हॉलमध्ये दोन जुने संगणक आणि एक इंटरनेटची जोडणी ठेवा. रविवारी दुपारी तीन तास मुलामुलींना तिथे बसू द्या. शिकवायला कोणी नसले तरी चालेल, चार जण एकत्र अडले की एकमेकांना सोडवतात. आणि पहिल्याच महिन्यात 'यातून कमाई किती?' असे विचारू नका.

तरुण वाचकांनो, येत्या रविवारी कागदावर तीन गरजा लिहा. त्यांच्या पुढे त्या कोणाच्या आहेत त्या माणसाचे नाव लिहा. तिघांपैकी सर्वांत लहान काम निवडा आणि सहा आठवड्यांची मुदत ठेवा. पूर्ण झाले की त्या माणसाला वापरायला द्या, बाजूला गप्प बसा आणि तो कुठे अडखळतो ते पाहा. मग आम्हाला तीनशे शब्दांत लिहून पाठवा: काय बनवले, कुठे अडले, कोणी वापरले. आपल्या दोन्ही भाषांपैकी कोणत्याही भाषेत लिहा. चांगली टिपणे आम्ही पुढच्या अंकांत छापू. प्रोग्रॅम अर्धवट राहिला असेल तरी लिहा, फक्त तो नेमका कुठे थांबला ते सांगा. पुढची ओळ सुचवणारा कोणीतरी वाचकांतच सापडेल.